हरलेल्यांच्या यादीत पहिली

टेनिसमध्ये एक यादी असते, तिला 'लकी लूझर' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं तो आयुष्यात कधी हरला नसणार, किंवा ठेवताना शुद्धीवर नसणार. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात ज्या हरतात त्यांची ही यादी. मुख्य स्पर्धेतल्या कुणी ऐन वेळी माघार घेतली, तर यादीतल्या पहिलीला तिची जागा मिळते. त्यासाठी सकाळी साडेनवाच्या आत टेबलावर जाऊन सही करायची आणि पहिल्या फेरीचा शेवटचा सामना सुरू होईपर्यंत बूट घालून, रॅकेटांची पिशवी पाठीला लावून क्लबात थांबायचं. थांबायचं म्हणजे काय करायचं, तर कुणाचा पाय मुरगळतोय का, कुणाला उलट्या होतायत का, याची वाट बघायची. तोंडाने तसं म्हणायचं नाही, एवढंच.

त्या मंगळवारी मी यादीत पहिली होते. आदल्या दिवशी एका सतरा वर्षांच्या मुलीने मला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं होतं. तिचा टॉवेल तिच्या आईने धरला होता, पाण्याची बाटली वडिलांनी, आणि पाठ थोपटायला कोच वेगळा. माझा टॉवेल कुंपणाला टांगलेला होता, तो वाऱ्याने दोनदा पडला आणि दोन्ही वेळा मीच उचलला. आमच्या पातळीवर बॉल उचलायला मुलं नसतात, पात्रतेत तर रेषेवर पंचही नसतात. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते आपणच ओरडून सांगायचं. त्या मुलीने माझे दोन चांगले बॉल बाहेर दिले. मी जाळ्यापर्यंत गेले, भांडले, आणि परत येऊन सर्व्ह केली, कारण भांडणाचे गुण मिळत नाहीत.

मला अठ्ठाविसावं चालू आहे. जागतिक क्रमवारीत तेव्हा माझा नंबर सातशे अठरा होता. लोकांना हे ऐकून हसू येतं. आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, दर भेटीत विचारतात, "सातशे अठरा म्हणजे काय गं, परीक्षेचा बैठक क्रमांक?" त्यांना सांगावंसं वाटतं, तुमच्या कामात जगात तुम्ही कितवे आहात ते एकदा मोजून या, मग बसून हसू. भावजी विमा कंपनीच्या शाखेत आहेत. शाखेत माणसं पाच, आणि त्यांच्यापुढे बढती मिळालेले चार.

क्रमवारीचा नियम साधा आणि निर्दय आहे. मिळवलेले गुण वर्षभर टिकतात आणि मग गळतात. यादीत नाव राहायचं असेल तर वर्षभरात किमान तीन स्पर्धांमध्ये गुण हवेत. माझे तीनच स्पर्धांमधले होते आणि त्यांतले एका स्पर्धेचे येत्या सोमवारी गळणार होते. या आठवड्यात मुख्य स्पर्धेत एक सामना जिंकला तर नाव राहणार होतं. नाही तर सातशे अठराचं आठशे होणार नव्हतं, नावच जाणार होतं. नाव गेलं की पुढच्या स्पर्धांना पात्रतेच्या रांगेतही सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, जागा उरली तर खेळायचं.

बाबांना हे माहीत होतं. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. दर सोमवारी नवी क्रमवारी लागली की ते लाकडी पट्टी घेऊन कॉम्प्युटरपुढे बसतात, पडद्यावर एकेका नावाखाली पट्टी धरून वाचत जातात, आणि माझं नाव आलं की मला फोन करतात. हॅलो म्हणत नाहीत. नुसतं "सातशे अठरा" म्हणतात, आणि मग "जेवलीस का?" नाव टाइप केलं की लगेच सापडतं हे ताईने त्यांना दहा वेळा दाखवलंय. पण वाचल्याशिवाय सापडलं असं ते मानतच नाहीत. अकरा वर्षांत त्यांचा एक सोमवार चुकलेला नाही.

माझ्या खोलीत लंबू होती. सहा फूट एक इंच, डावखुरी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सहा वर्षं आम्ही खोली, साबण आणि इस्त्री वाटून घेतोय. ती घोरायला लागली की कोणत्या कुशीवर आहे हे मला न बघता सांगता येतं. ती मला 'म्हातारे' म्हणते. तिचा नंबर सहाशे एकेचाळीस होता, त्यामुळे तिला थेट मुख्य स्पर्धेत जागा होती आणि तिची पहिली फेरी मंगळवारी अकरा वाजता होती.

सोमवारी संध्याकाळी मी हरून आले तेव्हा तिला सरावाला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, चल. खरं तर तेव्हा मला रॅकेट भिंतीवर आपटायची होती, त्यापेक्षा सराव बरा. मी दातओठ खाऊन मारत होते. एक बॉल मी लांब मारला, तो तिच्या मागच्या कुंपणाला लागून परत आत घरंगळला. पुढचा मी उंच उडवला, ती वर बघत उलट्या पावलांनी मागे गेली आणि नेमकी त्या बॉलवर टाच पडली. आवाज मला जाळ्याच्या या बाजूला ऐकू आला. मैदानाचा माळी पाण्याचा पाइप टाकून धावत आला. तिला आधार देत आम्ही दोघांनी खोलीवर आणलं. क्लबाच्या स्वयंपाकघरातून मी बर्फ आणला, पाय उंच ठेवायला तिची उशी घेतली, ती पुरेना म्हणून माझीही दिली.

सकाळी घोटा वांग्यासारखा झाला होता, रंगानेसुद्धा. संडासला जाताना ती भिंत धरून गेली. मी पलंगावर बसून बूट घालत होते. खरं सांगते, माझ्या मनात वाईट वाटण्याबरोबर आणखीही काहीतरी होतं, आणि ते वाईट वाटण्यापेक्षा मोठं होतं. लंबूची जागा रिकामी होणार होती आणि यादीत मी पहिली होते.

ती बाहेर आली आणि टेपची गुंडाळी माझ्याकडे फेकून म्हणाली, "म्हातारे, बांधून दे."

"कशाला?"

"खेळायचंय."

"खेळणार? अगं, नळापर्यंत जाता येत नाही तुला."

"दोन गेम उभी राहीन. मग हात वर करीन."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या फेरीत हरणारीलाही थोडे पैसे मिळतात, पण कोर्टवर उतरली तरच. खोलीतून माघार घेतली तर छदामही नाही. म्हणून मुली तापाने फणफणत, पाय ओढत कोर्टवर जातात, दोन गेम खेळतात, पंचांना सांगून सामना सोडतात आणि टेबलावर जाऊन पावतीवर सही करतात. सगळ्यांना माहीत असतं. आणि त्या वेळी यादीतली पहिली, धडधाकट, बुटाच्या नाड्या आवळून कुंपणाबाहेर उभी असते, हेही सगळ्यांना माहीत असतं. ज्यांनी हा नियम केला त्यांनी तो बसून केलाय, उभं राहून नाही.

"लंबू," मी म्हटलं, "सोमवारी माझं नाव जातंय."

"माहीत आहे."

"तुझा पाय मोडलाय आणि माझे दोन्ही धड आहेत. तू सोडलंस तर मी खेळू शकते. जिंकू शकते. ती समोरची सोळा वर्षांची आहे, क्लबाने आपली म्हणून घुसवलेली."

"आणि माझं परतीचं तिकीट? ते कोण काढणार, तुझे भावजी?"

"काहीतरी करू. मी—"

"तू काय करणार? तुझं आहे का तिकीट?"

नव्हतं. सहा वर्षं एकाच खोलीत राहिल्यावर खोटं बोलायचीही सोय राहत नाही.

"निदान त्या पायाचा तरी विचार कर," मी म्हटलं. "दोन गेमांसाठी तीन महिने घालवशील."

"पायाचा विचार तू कर. तो बॉल तुझा होता."

मी नाडी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"काय म्हणालीस?"

"तुझं तोंड माझ्याकडे होतं. तुला दिसत होता तो. ओरडली नाहीस."

मागे बॉल आला की 'बॉल!' म्हणून ओरडायचं, हे आम्हाला सातव्या वर्षी शिकवतात, रॅकेट धरायच्याही आधी. मला तो दिसला नव्हता. मी वर उडालेल्या बॉलकडे बघत होते. पण हे मी तिला सांगू लागले असते तर ते खोट्यासारखंच ऐकू आलं असतं, कारण मी त्या क्षणापर्यंत तिच्या जागेवर डोळा ठेवून बसले होते. सहा वर्षं मी हिच्या ओल्या मोज्यांच्या वासात झोपले, हिच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी हिचा फोन मी सांभाळला, आणि हिला वाटतं मी बॉल पेरला! डोकं असं तापलं की कान बधिर झाले.

"पाय दे इकडे," मी म्हटलं.

तो पाय मी मांडीवर घेतला. आधी पातळ फोम, मग टाचेखालून दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या पट्ट्या, आणि शेवटी टाचेला तिरके वेढे. त्याला आम्ही कुलूप म्हणतो. सगळी करामत त्या कुलपात असते. ते घट्ट बसलं तर मोडक्या पायावरही माणूस उभं राहतं. ते बोटभर सैल सोडलं तर बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि पहिल्या तिरक्या पावलाला पाय पुन्हा वळतो. हे मला कळत होतं, आणि मी बांधतेय म्हणजे माझ्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तिलाही कळत असणार, पण तिने छताकडे बघत पाय माझ्याकडे सोडून दिला होता. त्याचाही मला राग आला. मी इतका राग कधी बांधला नसेन. एक सुरकुती राहू दिली नाही. कुलूप दोनदा लावलं.

मग पिशवी पाठीला लावून मी टेबलावर गेले.

टेबलाशी सुपरवायझर मॅडम बसल्या होत्या. पुढे गोळ्यांची वाटी, मागे पंखा. मी यादीवर सही केली, नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. मॅडमनी चष्मा वर केला.

"तुझ्या खोलीतल्या मुलीचा काल पाय मुरगळला म्हणे. माळी सांगत होता."

मी पेन खाली ठेवलं.

"हे बघ," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे दोन गेम खेळून पैसे घेऊन जायचे प्रकार मला आवडत नाहीत. पण उगाच कुणाला डॉक्टरसमोर बसवताही येत नाही, काहीतरी आधार लागतो. डॉक्टर अर्ध्या तासात येऊ शकतात. त्यांनी नाही म्हटलं तर ती खेळणार नाही, आणि मग..." त्यांनी माझ्या सहीवर पेन टेकवलं. "तू तिच्याबरोबर राहतेस. तू सांग. कसा आहे पाय?"

एक शब्द पुरला असता. तोही खरा. मला खोटं बोलायचंच नव्हतं, खरंच बोलायचं होतं. आणि मला गेल्या वर्षीची ती निळ्या टोपीवाली मुलगी आठवली.

गेल्या वर्षी अशाच एका क्लबात मला तीन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या. सामन्याच्या तासभर आधी मी बाथरूममध्ये बेसिन धरून उभी होते, आणि निळ्या टोपीतली एक मुलगी हात धुवायला आली. तिने मला पाहिलं, टॉवेल दिला, आणि बाहेर जाऊन कुंपणाशी उभी राहिली, पाठीला पिशवी लावून. यादीत ती पहिली होती. मी कोर्टवर गेले, एक सेट कसाबसा घालवला, दुसरा सोडला, पैसे घेतले. तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. त्यानंतर ती मला कुठल्याच स्पर्धेत दिसली नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

"बरा आहे पाय," मी मॅडमना म्हटलं. "थोडा लचकला होता. मीच टेप लावलीय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मला एक गोळी दिली. मी ती घेतली आणि कुंपणापाशी जाऊन चावून खाल्ली. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आई नेहमी म्हणायची, आणि मला वाटायचं हे आळशी लोकांसाठी आहे. मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारी उभी असलेली, यादीतली दुसरी, जरा लांब सरकली. मी काही थोर काम केलं नव्हतं. चहाडी करायची लाज वाटली, आणि चहाडी केली असती तर बॉलही मीच ठेवला असं सगळ्यांनी म्हटलं असतं, याची भीती वाटली. त्या दोन्हींमध्ये माझं वर्ष गेलं.

अकरा वाजता लंबू कोर्टवर आली. लंगडत नव्हती. लंगडू नये म्हणून इतकी हळू चालत होती की पंचांनी घड्याळ बघितलं. समोरची सोळा वर्षांची मुलगी, नवे कपडे, मागे बाकावर आई, मामा, मावश्या. पहिला गेम लंबूने सर्व्हवर घेतला. दुसरा गेला. तिसरा पुन्हा सर्व्हवर. झालं, मी मनात म्हटलं, आता हात वर कर. निदान लवकर कर, मला जेवायला जाऊ दे.

तिने हात वर केला नाही.

धावता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक बॉल पहिल्या फटक्यालाच संपवत होती. अर्धे बाहेर जात होते, अर्धे रेषेवर. डाव्या हाताची तिची सर्व्ह बाहेर वळत होती, ती पोरगी दर वेळी उशिरा पोचत होती. आणि समोरचीचा पाय दुखावलाय हे कळल्यावर त्या पोरीच्या मनात गोंधळ सुरू झाला. जखमी माणसाशी खेळण्याइतकं अवघड काही नाही. चांगलं मारावं तर वाईट दिसतं, हळू मारावं तर बॉल अंगावर येतो. तिने छोटे छोटे बॉल टाकायला घेतले, ते जाळ्यात गेले. मग सर्व्हमध्ये दुहेरी चुका सुरू झाल्या. मावश्यांच्या टाळ्या आधी विरळ झाल्या, मग थांबल्या. सहा-तीन. सहा-चार. लंबू जिंकली.

जिंकताना तिने सामना सोडायला हवा होता का? कोण सोडतं? मी सोडला असता? नसता सोडला. हे मला कळत होतं आणि त्यामुळे राग अजिबात कमी झाला नाही. उलट त्याला ठेवायला जागा राहिली नाही.

ती कुंपणाशी आली, जाळीत बोटं अडकवून, घामाने निथळत, लहान पोरीसारखी हसत. "म्हातारे! अगं, तुझं कुलूप! टाच हललीसुद्धा नाही!"

"शुभेच्छा," मी म्हटलं आणि निघाले. टेबलामागच्या फळ्यावरून मॅडम यादी काढत होत्या. पहिल्या फेरीचे सगळे सामने सुरू झाले होते.

बुधवारी लंबूचा पाय बुटात जाईना. तिने दुसऱ्या फेरीतून माघार घेतली. पहिल्या फेरीचा शेवटचा सामना सुरू झाला की यादी संपते, पुढे कुणाची जागा कुणाला मिळत नाही. समोरची मुलगी एकही बॉल न मारता पुढे गेली. ज्या जागेसाठी मी पिशवी लावून उभी होते ती दुपारी एक वाजता कोर्ट नंबर तीनवर नुसती पडून होती. तिथे माळ्याने पाणी मारलं.

आम्ही बोलत नव्हतो असं नाही. "नळ बंद कर," "किल्ली कुठे आहे," एवढं बोलत होतो. मॅडमनी मला काय विचारलं हे मी तिला सांगितलं नाही. तिला उपकारांच्या ओझ्याखाली बघायला मला आवडलं असतं, पण त्यासाठी तिच्याशी आधी चार वाक्यं बोलावी लागली असती. पुढच्या आठवड्याची स्पर्धा त्याच क्लबात होती, म्हणून खोली तीच राहिली. तिचा पाय दोन उशांवर, आणि मी टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन.

सोमवारी बाबांचा फोन आठला येतो. आठ वाजले, नऊ वाजले. मी रॅकेटची जुनी ग्रिप काढून नवी गुंडाळली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढली. लंबू पलंगावर पाय वर करून पडली होती, हातातल्या मासिकाचं पान तिने बराच वेळ उलटलं नव्हतं. पावणेअकराला फोन आला. बाबांनी आकडा सांगितला नाही.

"हॅलो," ते म्हणाले.

"बाबा, बोला."

"अगं, ते पान नीट उघडत नाहीये आज. नेटचं काहीतरी..."

"बाबा."

त्यांनी पट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दोनदा वाचली. चौदाशे बावन्न नावं आहेत. पहिल्यांदा वाटलं, माझीच नजर चुकली. वय झालं. मग तुझ्या भावजींना बोलावलं. त्यांनी आज रजा टाकली. त्यांनी मोठ्याने वाचलं, मी पट्टी धरली. छापखान्यात करायचो तसं."

माझ्या डोळ्यांपुढे भावजी आले. बैठक क्रमांक म्हणून हसणारे भावजी, चष्मा नाकावर ठेवून, जगातल्या चौदाशे बावन्न बायकांची नावं एकामागून एक वाचताना.

"चूक नाही गं," बाबा म्हणाले. "मला वाटलं होतं, कुठेतरी चूक असेल. यादी बरोबर आहे." मग त्यांनी घसा साफ केला. "लंबूचं नाव मात्र दिसलं. सहाशे बारा. चांगली वर गेलीय. तिला अभिनंदन सांग माझं."

तिथे माझा बांध फुटला.

"बरोबर नाहीये!" मी ओरडले. "बाबा, ती यादी बरोबर नाहीये! एक शब्द बोलले असते तर मी असते त्यात! त्या बाईने मला विचारलं होतं, हिचा पाय कसा आहे, मी डॉक्टर बोलावते आणि तू खेळ, असं तोंडावर सांगितलं होतं! मी बरा आहे म्हटलं! मीच म्हटलं! मीच टेप लावली आणि मीच बरा आहे म्हटलं! आणि तुम्ही सांगताय चूक नाही म्हणून!"

पलीकडे भावजींचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारत होते. मागे ताईने भांडं खाली ठेवलं.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

लंबू पलंगावर उठून बसली होती. मासिक खाली पडलं होतं. तिचं तोंड पांढरं झालं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं? बॉल माझाच होता ना?"

तिने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून खाली ठेवला, वरची उशी काढली, तिच्यावर हात फिरवून, झटकून, ती माझ्या पलंगावर आणून ठेवली. एका पायावर उड्या मारत आली, भिंत धरून परत गेली. माफ कर म्हणाली असती तर मी तिला तिथेच झोडपली असती. ती म्हणाली नाही.

मी ती उशी उचलली. तिला मलमाचा वास येत होता. होती नव्हती तेवढी ताकद लावून मी ती तिच्या अंगावर फेकली. "पायाखाली घे. सूज आहे अजून," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून दार आपटून बाहेर पडले.

खाली टेबलावर सरावाच्या कोर्टासाठी तक्ता होता. वेळ, नाव, क्रमवारी. साडेअकराच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. पुढच्या चौकटीत सवयीने सातचा आकडा काढला, तो खोडला, आणि तिथे आडवी रेघ मारली, इतक्या जोरात की कागद फाटून पेन टेबलाच्या कापडात घुसलं.

"अगं, हळू," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याबरोबर कोण आहे सरावाला?"

"कुणी नाही. सर्व्ह मारणार आहे."

त्यांनी मला बॉलची टोपली दिली. साठ होते. मी सगळे मारले, मग पलीकडे जाऊन एकेक उचलले, कुंपणाच्या कोपऱ्यातले आणि बाकाखालचेसुद्धा, आणि मोजून परत टोपलीत टाकले.